उपाशीपोटीची गोळी

कुंडलिकनं गोळी जिभेवर ठेवली तेव्हा तव्यावरची पहिली भाकरी अजून फुगायची होती.

"थांबा की जरा," चुलीपुढं बसलेली रंभाबाई म्हणाली. "सिस्टरनं काय सांगितलंय? खाल्ल्याबिगर घ्यायची न्हाय."

"टेंपो थांबतोय व्हय तुझ्या भाकरीसाठी?" कुंडलिकनं तांब्या वर केला आणि गोळी गिळली. "आठाला बसतेत समदी न्याहारीला. दोन तासानं काय हुतंय?"

रस्त्यावर हॉर्न वाजला. रंभाबाईनं ती भाकरी तशीच ओढली, खाली कालची एक ठेवली, मधी मिरचीचा खर्डा घातला आणि फडकं गुंडाळून त्याच्या हातात दिलं. पायरीवरून उतरताना कुंडलिकचा गुडघा कट्‌ वाजला. पायात बूट चढवताना त्यानं आत हात घालून खडा, काटा आहे का ते चाचपलं. तळव्यांना आता फारसं कळत नव्हतं. चार वर्षांपूर्वी साखर निघाली तेव्हापासून पाय हळूहळू परके होत गेले होते.

गेल्या सोमवारी जेऊरच्या सरकारी दवाखान्यात आकडा तीनशेच्या वर गेला म्हणून गोळी बदलली होती. अपेक्षा सिस्टर वयानं त्याच्या लेकीएवढी. तिनं पाकिटावर पेनानं सूर्य काढून दिला होता आणि दोनदा बजावलं होतं, "मामा, ही जोराची गोळी आहे. पोटात अन्न नसलं तर साखर एकदम खाली येते. घाम येईल, हातपाय कापतील. कळलं?"

"कळलं की," कुंडलिक म्हणाला होता.

टेंपोत दहा माणसं दाटीनं बसली होती. सगळ्यांच्या कपड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. ते कुठल्याच साबणानं निघत नाहीत. पुढं ड्रायव्हरजवळ बिरुदेव मुकादम. ही केळी तोडणारी टोळी. काम उक्तं, टनावर, आणि जे येईल ते सगळ्यांत सारखं वाटायचं. म्हणून टोळीला कमजोर माणूस चालत नाही. त्याचं ओझं बाकीच्यांच्या खांद्यावर येतं. मागल्या वर्षी भीमाशंकरच्या छातीत कळ आली, तो दोन दिवस घरी राहिला, तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा माणूस टेंपोत बसलेला होता. कुंडलिकनं ते बघितलं होतं. त्याला साखर आहे हे टोळीत कुणालाच माहीत नव्हतं.

बाग उदयसिंहांची होती. कंटेनर आधीच येऊन बांधावर उभा होता आणि उदयसिंह मोबाइल कानाला लावून त्याच्याभोवती फिरत होते.

"दहाला गाडी हलली पायजे, बिरुदेव. बंदराचं टायमिंग हाय."

"हलवतो की, मालक."

अमृत पुढं होऊन विळ्यानं घड कापायचा आणि मागचा माणूस खांद्यावर फोमची गादी टाकून तो झेलायचा. तीस-पस्तीस किलोचा घड. साल घासली की डाग, डाग पडला की माल परदेशी जात नाही. म्हणून तान्हं पोर न्यावं तसा तो झाडाझाडांतून तिरकं होत, पानं चुकवत बाहेर आणायचा. पाट सोडलेला होता. बूट चिखलात रुतत होते.

आठ वाजले. कुणी बसलं नाही. "एवढी कड निघू द्या, मग बसू," बिरुदेव ओरडला. साडेआठ झाले. कुंडलिकनं सोळा घड बाहेर काढले होते. त्याची भाकरी टेंपोच्या दांडीला टांगलेली होती. बांधावर घड ठेवून तिथपर्यंत जायचं म्हटलं तर मागचा माणूस अडतो आणि मुकादम बघतो. आणखी दोन खेपा, असं त्यानं ठरवलं.

सतराव्या खेपेला मानेवरून घाम सुटला. गार घाम. थंडीच्या सकाळी बनियन पाठीला चिकटला. अठराव्या खेपेला गुडघ्याखाली पाय लटपटायला लागले आणि केळीचे बुंधे एकाचे दोन दिसायला लागले. सिस्टरनं सांगितलेलं त्याला आठवलं, पण लांबून कुणी हाक मारावी तसं. काहीतरी गोड पाहिजे. खांद्यावर केळी, समोर केळी, बांधावर केळ्यांचा ढीग. आणि सगळी हिरवी, कच्ची, दगडासारखी. पिकलेलं एक फळ त्या सहा एकरांत नव्हतं.

"कुंडलिक, ए! कुटं चाललास? हिकडं!" बिरुदेवचा आवाज.

कुंडलिक उलट्या बाजूला, पाटाकडं चालला होता. त्यानं तोंड उघडलं. त्याला म्हणायचं होतं, मला भाकरी द्या. तोंडातून भलतंच निघालं, बोबडं. बिरुदेवनं घड काढून घ्यायला हात पुढं केला, तर त्यानं तो हात झिडकारला आणि एक शिवी हासडली. आयुष्यात त्यानं मुकादमाला शिवी दिली नव्हती. मग तो घडासकट पाटात पडला.

माणसं गोळा झाली. उदयसिंह आले. त्यांनी आधी घड बघितला. तीन फण्या फुटल्या होत्या, बाकीच्यांवर चिखल.

"सकाळी सकाळी टाकून आलाय," ते म्हणाले. "असली माणसं आणतोस व्हय रे बिरुदेव?"

बिरुदेव काही बोलला नाही. त्यानं बुटाच्या टोकानं कुंडलिकचा पाय ढोसला. कुणीतरी हसलं. कुणीतरी वाकून तोंडाचा वास घेतला आणि म्हणालं, "वास तर न्हाय येत." दुसरा म्हणाला, "ताडीचा वास येतच न्हाय."

अमृतनं त्याला ओढून बांधाला टेकवलं. मालकांच्या घरून किटलीत चहा आला होता, पाकासारखा गोड. अमृतनं तो त्याच्या तोंडाला लावला. अर्धा चहा हनुवटीवरून सांडला, अर्धा पोटात गेला. आणखी एक कप. हळूहळू बुंध्यांचे दोनाचे एक झाले. आवाज जवळ आले.

"बघा, चहा प्याला की उतरली," उदयसिंह म्हणाले.

कुंडलिकला सगळं ऐकू येत होतं. कपडे चिखलानं भरले होते, आणि विजारीतला ओलेपणा नुसता पाटाच्या पाण्याचा नाही, हेही त्याला कळलं होतं. वारकरी घरातला माणूस, गळ्यात माळ, उभ्या जन्मात त्यानं थेंब घेतला नव्हता. सांगायला दोन शब्द पुरले असते: साखर हाय. पण पिणाऱ्या माणसाला लोक आज हाकलतात, उद्या परत बोलावतात. आजाऱ्याला बोलवत नाहीत. तो मान खाली घालून गप्प बसला.

"जा घरी," बिरुदेव म्हणाला. त्याच्याकडं न बघता म्हणाला. "उद्यापासनं येऊ नको. मालकाची बाग हातची घालवायची न्हाय मला."

काम गेलं आणि नावही, दोन्हीकडून त्याचं गेलं.

*

रंभाबाईनं त्याला मोरीत बसवून कोमट पाणी घातलं. कपडे पिळताना पिळ्यावर एवढा जोर लावला की शिवण उसवली.

"सांगायचं हुतं की. तोंड न्हवतं?"

"सांगून काय? भीमाशंकरचं काय झालं?"

"तो आजारी म्हून तरी घरी बसला. तुमी दारुडं म्हून बसला."

गाव लहान. दुपारपर्यंत बातमी पाराजवळ, संध्याकाळी दूधडेरीवर. तिसऱ्या दिवशी एकादशी होती. कुंडलिक भजनाला गेला आणि नेहमीच्या जागी, खांबाजवळ बसला. एकनाथ गुरवानं टाळ वाटायला घेतले. एकेकाच्या हातात टाळ देत तो आला, कुंडलिकच्या पुढून गेला आणि पलीकडच्याला दिले. कुंडलिकनं रिकामे हात मांडीवर ठेवून दोन अभंग ऐकले, मग पाण्याला उठल्यासारखा उठला आणि घरी आला. रंभाबाईला काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. तो एवढ्या लवकर कधी येत नव्हता.

तो काम शोधत फिरला. खुरपणीला बाया लागत होत्या, पुरुष नको होते. स्टेशनजवळच्या सिमेंटच्या दुकानात एक दिवस पोती उतरवली. दुसऱ्या दिवशी पाठ धरली. गोळी आता तो भाकरी खाऊन घ्यायचा. काम नसलेल्या माणसाला वेळेवर खायला मिळतं, हे त्याला त्या दिवसांत कळलं, आणि ते खाणं घशाखाली उतरत नव्हतं.

शेवटी रंभाबाईनं बिरुदेवचीच टोळी धरली. पाण्याच्या टाकीवर फण्या धुवायला त्याला बाई पाहिजे होती.

"त्याच्याच दारात?" कुंडलिक म्हणाला.

"मग कुणाच्या? दुसरी टोळी हाय का जवळ?"

तुरटीच्या पाण्यात दिवसभर हात. चार दिवसांत तिच्या बोटांची सालटं निघायला लागली. बोटं फडक्यानं बांधून ती धुवत राहिली. धुता धुता ती मुकादमाकडं बघायची. आधी रागानं बघायची. मग वेगळंच बघायला लागली.

बिरुदेवजवळ पाच लिटरचा पाण्याचा कॅन असायचा. दुपारच्या आत तो संपायचा आणि भरून यायचा. दर अर्ध्या तासाला तो बांधाआड जायचा. दिवाळीत अंगाला घट्ट बसणारा सदरा आता हँगरवर टाकल्यासारखा लोंबत होता. आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती, ती पिवळी होऊन वास मारत होती, तरी हा गडी त्या पायावर धाडधाड चालत होता, लंगडत नव्हता.

लंगडत नाही हे बघून तिचे हात टाकीतच थांबले. चार वर्षांपूर्वी कुंडलिकच्या टाचेत बाभळीचा काटा दोन दिवस राहिला होता, आणि त्याला कळलं नव्हतं; त्यातूनच साखर निघाली होती.

जेवणाच्या सुट्टीत ती कॅनजवळ गेली. "मुकादम, अंगठ्याला काय झालंय?"

"चपलंचा खिळा लागला. महिना झाला. हळद दाबतोय."

"दुखत न्हाय?"

"कुटं दुखतंय. मर्दाला एवढ्यानं काय हुतंय?"

"तपासून घ्या. रगत तपासा. साखर असंल."

बिरुदेवच्या तोंडावरचं हसू गेलं. त्यानं इकडंतिकडं बघितलं. "खुळी झाली का? मला कशानं साखर? बसून खातोय व्हय मी? ती शेठलोकांची बीमारी."

"माझा मालक काय शेठ हाय?"

बोलून गेली आणि मग थांबली नाही. आवाज तेवढा खालीच ठेवला. "त्या दिशी गोळी खाऊन उपाशीपोटी आलतं ते. साखर उतरली म्हून पडलं. तुमी पायानं ढोसलं. प्यालेला म्हनलं. माळकरी मानूस, भजनात टाळ देईनात त्याला."

"मी न्हाय म्हनलं. मालक म्हनलं."

"प्यालेला न्हाय असं तरी कुटं म्हनला तुमी?"

बिरुदेव उठला आणि तिच्याकडं पाठ करून चालता झाला. दुसऱ्या दिवशी रंभाबाईला वाटलं, आता आपल्यालाही घरी बस म्हणणार. पण तो म्हणाला नाही. पाण्याचा कॅन तेवढा त्यानं टेंपोच्या मागं, दिसणार नाही असा ठेवला.

*

रविवारी तोड नव्हती. उन्हं चांगली तापली होती, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. कुंडलिक ओट्यावर बसून जुन्या खाटेची सुंभाची वीण काढत होता. बिरुदेव मागच्या बोळातून आला. मोटारसायकल त्यानं लांबच लावली होती.

"वैनी हायत का?"

रंभाबाई दारात आली. मग कुंडलिक म्हणाला, "आत या. ऊन हाय."

आत बसल्यावर बिरुदेवनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बायको वारून त्याला तीन वर्षं झाली होती, मुलगा चाकणला कंपनीत. मोठ्या घरात तो एकटा होता. "ते मशीन असतं म्हनं," तो म्हणाला. "घरी तपासायचं. तुमच्याकडं हाय का?"

लेकीनं, अक्षतानं, पुण्याहून पाठवलेलं मशीन फडताळात होतं. पट्ट्या मोजक्या म्हणून कुंडलिक पंधरवड्यातून एकदाच वापरायचा. त्यानं ते खाली काढलं. बिरुदेवचा हात हातात घेतला. विळ्यानं, चिकानं टणक झालेलं बोट. ह्याच हातानं ह्यानं आपल्याला नुसतं धरून उभं केलं असतं तरी झालं असतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं. त्यानं सुई टोचली. बिरुदेव दचकला नाही. रक्ताचा थेंब जाड, काळपट होता.

मशीननं पाच सेकंद मोजले. चारशे अडतीस.

"लई हाय का?" बिरुदेवनं विचारलं.

कुंडलिकला आतून एकदम बरं वाटलं. खोटं कशाला, खरंच बरं वाटलं; घे म्हणावं. आणि दुसऱ्याच क्षणी समोरच्या माणसाचं सुकलेलं तोंड, गळ्याची वर आलेली हाडं बघून त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"लई हाय," तो म्हणाला. "माझं बी कदी एवढं गेलं न्हाय. अंगठा दावा."

चिंधी सोडली तशी रंभाबाईनं पदर नाकाला लावला. अंगठा जांभळा, नखाच्या कडेला काळा पडला होता.

"उद्याच्याला दवाखाना," कुंडलिक म्हणाला.

"उद्या तोड हाय."

"तोड हुईल. पाय जाईल."

बिरुदेवनं टोपी गुडघ्यावरून उचलली, पुन्हा ठेवली. "कुणाला बोलू नका. व्यापाऱ्याला कळलं की मुकादमकी गेली. आजारी मानसाच्या हातात कोन टोळी देतंय?"

"यांचं नाव तुमी चार गावात बदनाम हू दिलं," रंभाबाई म्हणाली.

"रंभे," कुंडलिक म्हणाला.

"का? मी बोलनार." ती बिरुदेवकडं वळली. "तुमचं झाकायचं, आनि ह्यांचं उगडं पडलं ते पडलंच?"

बिरुदेवनं मान वर केली नाही. "ह्यांचं तसंच ऱ्हावं म्हनत न्हाय मी," तो म्हणाला, आणि चिंधी पुन्हा बांधायला घेतली.

*

सोमवारी अपेक्षा सिस्टरनं अंगठा बघितला आणि लगेच डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली: सोलापूरला मोठ्या दवाखान्यात, आजच. मुलाला फोन लावला तर त्याची शिफ्ट होती, शुक्रवारशिवाय सुट्टी नव्हती.

"सोबत कोण जाणार?" सिस्टरनं विचारलं.

कुंडलिक भिंतीला टेकून उभा होता. त्याला जायचं नव्हतं. त्यानं रंभाबाईकडं बघितलं.

"मला त्याचं काय पडलंय?" तो तिला बाजूला घेऊन म्हणाला.

"पडलं न्हाय तर काल समदी रात कूस का बदलत हुता?" तिनं पिशवीतून चार भाकरी, चटणी आणि त्याच्या गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. "येळेवर खावा. त्याला बी घाला."

दुपारच्या गाडीला गर्दी होती. कुर्डुवाडीपर्यंत दोघं दाराजवळ उभे होते. पुढं जागा झाली तशी बिरुदेव बसला आणि पाय पिशवीवर ठेवून बाहेर बघत राहिला. माढ्याच्या पुढं कुंडलिकनं भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी त्याला दिली. बिरुदेवनं ती बराच वेळ नुसती हातात धरली.

"त्या दिशी तू न्याहारीला का न्हाय थांबला?"

"तुमी थांबू दिलं न्हाय."

"सवड मागितली असती तर दिली असती."

"दिली असती व्हय?" कुंडलिक म्हणाला.

बिरुदेवनं विचार केला. "न्हाय," तो म्हणाला. "त्या दिशी दिली नसती." आणि भाकरीचा तुकडा मोडला.

अंगठा बुधवारी काढला. कागदावर सहीला नात्याचं माणूस मागितलं तेव्हा कुंडलिकनं "भाऊ" लिहायला सांगितलं आणि अंगठा उठवला. वॉर्डात चाळीस खाटा होत्या आणि निम्म्यांवर पायाला पट्ट्या बांधलेली माणसं होती. शेजारच्या खाटेवर एक विणकर आजोबा, आपसांत तेलुगू बोलणारी त्यांची माणसं. अर्ध्या पडद्यापलीकडं बायांच्या खाटा, तिथं अक्कलकोटकडची बसव्वा म्हणून एक म्हातारी, तिची सून तिच्याशी कानडीत बोलायची आणि डॉक्टरांशी मराठीत. समोर एक रिक्षावाले चाचा, ते कुंडलिकला म्हणाले, "मेरा तो घुटने तक गया, भाई. तुम लोग जल्दी आए." कुंडलिक रात्री दोन खाटांच्या मधी चादर टाकून झोपायचा, सकाळी कँटीनमधून चहा आणायचा, एक साखरेचा आणि एक बिनसाखरेचा, आणि मग त्याच्या ध्यानात यायचं की साखरेचा घेणारं दोघांत कुणीच नाही. तो चहा तो चाचांच्या मुलाला द्यायचा.

त्यालाही साखर आहे हे त्यानं वॉर्डात कुणाला सांगितलं नव्हतं. जिन्याच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडं करून तो गोळी घ्यायचा. सवय होती.

शुक्रवारी सकाळी साडेसातला बिरुदेवनं फोन मागितला. मुलगा दुपारपर्यंत पोचणार होता. पाय उशीवर, हातात सलाईन. त्यानं अमृतला लावला.

"आज कुटं हाय तोड?"

"उदयसिंह मालकांचीच, खालची बाग," अमृत म्हणाला. मागं टाकीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. "गाडी आलीय. आमी सुरूच करतोय. तुमी कवा येताय? पाठदुखी म्हनं?"

पाठदुखी असं बिरुदेवनंच सांगून ठेवलं होतं. त्यानं कुंडलिककडं बघितलं. कुंडलिक खाटेखालचं भांडं सरकवत होता.

"अमृत, फोन मोठ्या आवाजावर टाक. समदी हायत का?"

"हायत."

"ऐका रे." बिरुदेवनं पट्टी बांधलेल्या पायाकडं बघितलं. "माझा अंगठा काढला. मला साखर हाय. पाठबिठ काय न्हाय. आनि दुसरं, त्या दिशी कुंडलिक पाटात पडला, तो प्यालेला नव्हता. त्याला बी साखरच हाय. गोळी खाऊन उपाशी घड वाहत हुता. मी बघत हुतो, त्याला घाम सुटला हुता. मला कळाया पायजे हुतं. चूक माझी."

भांडं कुंडलिकच्या हातात तसंच राहिलं. तिकडं टाकीत पाणी पडत होतं.

"तितं टाकीवर कुंडलिकची मालकीन असंल," बिरुदेव पुढं म्हणाला. "तिनं ऐकलं का?"

जरा वेळानं रंभाबाईचा आवाज आला, लांबून, कोरडा. "ऐकलं. त्यांनी खाल्लं का सकाळी?"

"आता खातेल," बिरुदेव म्हणाला. "अमृत, आदी समद्यांनी भाकऱ्या सोडा. पोटात अन्न गेल्याबिगर पयला घड हालवायचा न्हाय. आजपासनं."

"मुकादम," अमृतनं आवाज बारीक केला. "मालक हितंच हुबं हायत."

फोनवर खरखर झाली आणि उदयसिंह बोलले, "काळजी घ्या, बिरुदेव. ते समदं ठीक हाय, पन गाडी दहाला निगाली पायजे."

"निगंल," बिरुदेव म्हणाला. "साडेदहाला निगंल, मालक."

फोन बंद झाला. उदयसिंहांनी केला की रेंज गेली, ते कळलं नाही. बिरुदेवनं तो छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. कपाळावर घाम आला होता. कुंडलिकनं खिशातल्या पुडीतून कँटीनच्या भाकरीचा उरलेला चतकोर त्याच्या हाताशी ठेवला. राग गेला होता असंही नाही, राहिला होता असंही नाही. तो फार दमला होता. पाठ, मांड्या, डोळे, सगळं दमलं होतं.

"मुकादमकी गेली बघ," बिरुदेव डोळे न उघडता म्हणाला.

"जाऊ द्या. टाकीवर फण्या धुवायला बसू दोघं."

"बायांच्या मजुरीवर?"

"मग काय झालं? बसून काम हाय."

बिरुदेवच्या ओठाचा एक कोपरा हलला.

सकाळच्या तपासणीची नर्स ट्रॉली ढकलत आली. खाटांच्या रांगेतून एकेकाचं बोट टोचत, आकडा वहीत लिहीत ती पुढं सरकत होती. विणकर आजोबांचं झालं. ती बिरुदेवच्या खाटेशी थांबली, नवी सुई काढली.

"शुगर. हात."

बिरुदेवनं हात पुढं केला. एकशे नव्वद. "उतरतेय," ती म्हणाली आणि ट्रॉलीला हात लावला.

"बाई," कुंडलिक म्हणाला.

ती वळली. शेजारच्या खाटेवरची माणसं, समोरचे चाचा, बसव्वाची सून, सगळे बघत होते. कुंडलिक खाटेच्या कडेला बसला, सदऱ्याची बाही वर सारली आणि चिकानं काळा झालेला आपला हात त्यानं पुढं केला.

"मला बी हाय," तो म्हणाला. "चार वर्सं झाली."